मोजणीदारांचा पाचवा गिअर

मोजणीदार जमिनी मोजायचे. एकतीस वर्षं साखळी, खुंट्या आणि दुर्बीण घेऊन त्यांनी लोकांची कुंपणं इकडची तिकडे केली आणि त्याबद्दल अर्ध्या गावाचे शिव्याशाप निमूट झेलले. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर स्वतःच्या गाडीवर पडली.

गाडी लग्नाच्याही आधीची. लांब बॉनेट, पुढे सोफ्यासारखी एकसंध सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगला आणि गिअर चार. दोष एकच, पण ठसठशीत. पन्नासच्या पुढे गेली की ती ओरडायची. साठला काचा थरथरायच्या आणि सत्तरला शेजारच्या माणसाकडे पाणी मागायचं तर खुणेनं मागावं लागे. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणते, शेजारी बसून अखंड बोलत असे आणि मोजणीदार रस्त्यावरची नजर न हलवता दर दोन मिनिटांनी 'हं' म्हणत. समोरून येणाऱ्यांना वाटे, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या दोघांचं बोलणं काही संपत नाही.

या 'हं'चे परिणाम घरभर पसरले होते. मेहुणा चार दिवसांसाठी म्हणून आला तो वरच्या खोलीत नऊ वर्षं ट्रंपेट शिकत राहिला. स्वयंपाकघर जांभळं झालं. न्हाणीघराचं दार एका सकाळी बाहेरच्या बाजूला उघडायला लागलं आणि मोजणीदारांच्या कपाळाला टेंगूळ आलं. विचारायला जावं तर काकू म्हणत, "तुम्हीच तर हो म्हणालात, गाडीत." मोजणीदार आठवून पाहत. काहीच आठवत नसे. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून ते गप्प बसत. डोक्यात शंका यायची, पण ती शेवटपर्यंत नेण्याइतका हा माणूस शूर नव्हता.

"हिला पाचवा गिअर पाहिजे," गॅरेजवाला मिस्त्री एक दिवस म्हणाला. त्याच्याकडे भंगारात आलेल्या एका नव्या गाडीचा गिअरबॉक्स होता. "पाचव्यात चाकं पळतात आणि इंजिन नुसतं चालतं. आवाज कसला येतोय? झोप लागेल तुम्हाला."

काम अकरा महिने चाललं. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब होता. किती लांब, ते मोजणीदारांनी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. दोन दिवस ते जेवले नाहीत. मग गाडीच्या तळाचा पत्रा कापला. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा लेथवर नेऊन आखूड केला, तो जास्तच आखूड झाला, म्हणून दुसरा आणून तोही आखूड केला. क्लचची प्लेट तिसऱ्या खेपेला बसली. सगळं जुळल्यावर कळलं, की गिअरचा नवा दांडा खालून वर येतो तो बरोबर सीटच्या मधोमध, म्हणजे काकूंच्या मांडीशी. मिस्त्रीनं करवत घेतली आणि सीटला अर्धगोल खाच पाडली.

काकूंनी येऊन खाच पाहिली. "गाडी तुमची, मांडी माझी. मला विचारायचंत तरी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

शेवटी किलोमीटर मोजणाऱ्या तारेपाशी घोडं अडलं. नव्या गिअरबॉक्सला जोडल्यावर ती उलटी फिरायला लागली, त्यामुळे गाडी पुढे जाई तसे डॅशबोर्डवरचे आकडे कमी होत. मिस्त्री म्हणाला, "चांगलंय की. रोज थोडी तरुण होतेय."

पहिली मोठी चक्कर शनिवारी सकाळी मारली. वरच्या खिडकीतून मेहुण्यानं ट्रंपेटवर निरोप दिला, त्यातले दोन सूर बरोबरही लागले. गाव संपलं, रस्ता सरळ झाला, गाडी नेहमीप्रमाणे ओरडायला लागली. मोजणीदारांनी क्लच दाबला, दांडा पाचव्यात सारला आणि ओरडणं थांबलं. टायर रस्त्यावर घासल्याचा आवाज येऊ लागला. बांधावरची पाखरं ऐकू आली. आणि लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, सत्तरच्या वेगाला, बायकोचा आवाज ऐकू आला.

"...तर ठरल्याप्रमाणे एक तारखेला मी निघते. तुम्ही हो म्हणालात त्याच दिवशी मी त्यांना कळवून टाकलं."

"हं," मोजणीदार म्हणाले. सवय, दुसरं काय.

मग शब्द डोक्यात शिरले. निघते म्हणजे कुठे? कुणाला कळवलं? किती दिवस? तोंड उघडून 'कुठे' असा एक शब्द विचारला असता तर काम झालं असतं. पण त्या शब्दाबरोबर मेहुणा, ट्रंपेट, जांभळं स्वयंपाकघर, न्हाणीघराचं दार असा सगळा अठ्ठावीस वर्षांचा पसारा बाहेर आला असता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी गुपचूप दांडा तिसऱ्यात ओढला. गाडी जिवाच्या आकांतानं ओरडली आणि त्यांना जरा बरं वाटलं.

"अहो, पाचवा घाला की!" काकू त्यांच्या कानात ओरडल्या.

एक तारखेला बारा दिवस होते. मोजणीदारांनी तपास सुरू केला. आधी मेहुण्याला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "भाऊजी, ताईनं तुम्हाला विचारूनच ठरवलंय म्हणे. नवराबायकोच्या मध्ये मी कशाला पडू?" नऊ वर्षं मध्येच पडलेला माणूस हे म्हणाला. मग काकू बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी पलंगाखालची बॅग काढली आणि टेपनं मोजली. मोठी होती. आत स्वेटर चार, जाड मोजे सहा जोड. म्हणजे जागा थंड आणि मुक्काम मोठा. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. उत्तर आलं सहा महिने ते कायमचं. असलं उत्तर त्यांच्या हाताखालच्या माणसानं दिलं असतं तर त्यांनी कागद फाडून त्याच्या हातात दिला असता.

ते मिस्त्रीकडे गेले. "पाचवा काढून टाक."

मिस्त्री गाडीखाली होता. तो सरपटत बाहेर आला आणि उठून बसला. "अकरा महिने आवाज घालवायला लागले साहेब. आता तो परत घालायचा?"

"निदान सायलेन्सरला भोक पाड."

"घरी काही झालंय का?"

"काही नाही. ऐकू येतंय."

मिस्त्रीनं हात पुसले. "वहिनींशी बोला सरळ," तो म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली गेला.

मोजणीदार घाबरले होते, हे इथे स्पष्ट सांगितलेलं बरं. कायमचं म्हणजे काय, याचं चित्र त्यांना दिवसाढवळ्या दिसायचं: जांभळ्या स्वयंपाकघरात ते एकटे, आणि वर ट्रंपेट. तिच्याशिवाय त्या घरात एक दिवस काढणं त्यांना शक्य नव्हतं आणि ही गोष्ट त्यांनी तिला एकदाही सांगितली नव्हती.

एक तारखेच्या आदल्या दिवशी ते दोघे सरळ रस्त्यानं चालले होते, पाचव्यात. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, नेहमीसारखं बोलत नव्हत्या. मोजणीदारांनी दोनदा घसा साफ केला.

"कुठे चाललीयेस तू?"

काकू हसल्या. "विचारलंत बाई एकदाचं. त्या शनिवारी तुमचा चेहरा पडला तेव्हाच कळलं मला, आता ऐकू येतं म्हणून. अकरा दिवस वाट बघतेय." मग त्यांनी सांगितलं. मोठ्या शहरातलं ग्रंथालय. तिथे फाटकी, वाळवी लागलेली जुनी पुस्तकं दुरुस्त करायला शिकवतात. सहा महिने. मग परत.

सहा महिने! मोजणीदारांचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्यांना चक्क हसू फुटलं. "म्हणजे मला ऐकू येत नाही हे तुला माहीत होतं?"

"मला काय, म्हशीलाही कळलं असतं. भाऊ राहायला येतोय हे घरात विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"छे."

"मग? म्हणून गाडीत विचारायचे. सत्तरच्या पुढे."

"म्हणजे दोष गाडीचाच," मोजणीदार खुशीत म्हणाले. अठ्ठावीस वर्षांचं ओझं असं सहज उतरेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "सगळा त्या आवाजाचा दोष."

"सगळा नाही," काकू म्हणाल्या. "या ग्रंथालयानं मला आधीही बोलावलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. नोकरीवर. रेल्वेचं फाटक पडलं होतं आणि तुम्ही इंजिन बंद करून काच पुसत बसला होतात. मी पत्र वाचून दाखवलं. मग विचारलं, नाही म्हणून कळवू का?"

मोजणीदारांना फाटक आठवेना, पत्रही आठवेना.

"तुम्ही हं म्हणालात. मी तसं कळवलं," काकू म्हणाल्या. "त्यानंतर सगळं मी चालत्या गाडीतच विचारलं. ते सोपं पडलं मला."

मोजणीदारांचा हात तिसऱ्यासाठी दांड्याकडे गेला, पण त्यांनी तो परत स्टिअरिंगवर ठेवला.

"जायचं होतं तुला तेव्हा?"

"खूप," ती म्हणाली.

ऐकू आलं नाही असं म्हणायला आता त्यांना कुठेच जागा नव्हती.