दरवाज्यावरची दोन नावं

अभयारण्यातल्या पडक्या किल्ल्याची राखण करणाऱ्या बाईला सगळे काकू म्हणत. काकूंच्या तोंडी लागायची वनरक्षकांचीही छाती नव्हती. लोक यायचे हरणं बघायला. हरणं दिसली नाहीत की यांचे हात शिवशिवायचे. मग खिशातली किल्ली काढायची आणि किल्ल्याच्या दरवाज्यावर नाव कोरायचं. दगड काय यांच्या बापाचा! शेकडो वर्षं उन्हापावसात उभी राहिलेली कमान, आणि यांना तिच्या अंगावर आपलं नाव हवं.

जो सापडेल त्याच्या हातात काकू थापी द्यायच्या. रंग जुळावा म्हणून चुन्यात काळ्या दगडाची भुकटी कालवायची, कोरलेलं बुजवायचं, मगच बाहेर पडायचं. भले भले साहेब त्यातून सुटले नव्हते.

आणि एका रविवारी संध्याकाळी तिथेच त्यांना आपल्या लेकीचं नाव दिसलं. शेजारी होणाऱ्या जावयाचं. लग्न तोंडावर आलेलं, दुपारी दोघं फिरायला आले होते. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण उद्या चारचौघांनी वाचलं तर? त्यांनी घाईघाईनं चुना भरला आणि रागाच्या भरात भुकटी घालायलाच विसरल्या.

सकाळी काळ्या दगडावर दोन्ही नावं पांढरीफेक, पार फाटकापासून वाचता येत होती. झाकायला गेल्या आणि दवंडी पिटून बसल्या.

त्यात नेमका जावई आपल्या आईला अभयारण्य दाखवायला घेऊन आला. लेक बरोबर होतीच. विहीणबाई कमानीखाली थांबल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "बघा, किती हौस माझ्या मुलाला."

काकूंनी जावयापुढे थापी धरली. "हौस फिटली असेल तर आता बुजवा."

तो हसला. "घरच्या माणसाला कसला नियम, काकू?"

"घरच्यांनीच खरवडलं तर परक्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "एका दगडापायी लग्न मोडायचंय का तुम्हाला?"

काकूंनी लेकीकडे पाहिलं. दगड आपला, पण लेकीचा संसार? थापी धरलेला हात तेवढा खाली येईना.

लेकीनं ती थापी घेतली. आपल्या नावातला कच्चा चुना खरवडून काढला, भुकटी कालवली आणि नाव नीट बुजवलं. मग थापी त्याच्यापुढे केली.

"काल मी नको म्हटलं होतं, तू ऐकलं नाहीस," ती म्हणाली. "माझं नाव मी काढलं. तुझं तू काढ. नाहीतर ते इथे एकटंच राहील."