चाचणीतला बाप

"आये, बाबा जित्ता हाय. त्यो मेसेज दवाखान्याचा नाय, माजा हाय."

"तुजा? तू डागतर कवा झालास रं?"

सिद्धेश ठाण्याच्या ऑफिसच्या जिन्यात फोन कानाला लावून उभा होता. पलीकडे कोपरच्या घरी शांताबाई, आणि तिच्यामागे जमलेल्या बायकांचा गलका.

"आत्ताच नर्सशी बोललो. पेज पिली बाबानी."

एका इस्पितळासाठी तो प्लगिन, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहीत होता. पेशंटची नोंद बदलली की नातेवाइकांना मेसेज आपोआप जावा, एवढंच त्याचं काम. चाचणी लॅपटॉपवरच घ्यायची. बाहेर काही जात नसतं. चाचणीला खोटा पेशंट लागतो, म्हणून सुरुवातीलाच त्यानं बापाचं नाव घातलेलं, कुंडलिक, आणि नंबर आईचा. तोंडपाठ तेवढाच. त्या लॅपटॉपात बाप कितीदा मेला नि कितीदा बरा होऊन घरी आला, त्याला गणती नाही.

पण परवा बाप खरोखरच दम लागून कल्याणच्या दवाखान्यात पडला. आणि आज सकाळी सिद्धेशनं मेसेज खरोखर बाहेर सोडणारी चावी, म्हणजे पासवर्डसारखा कोड, एकदाच तपासायला म्हणून लॅपटॉपात घातली. ती काढायची राहिली. मग त्यानं 'निधन' दाबलं.

"शेजारच्या विमलनं वाचून दावला," शांताबाई म्हणाली. "मी डबा भरत व्हते. हात तसंच उंबऱ्यावर आपटलं."

सिद्धेश जिन्याच्या पायरीवर बसला.

"विमल बोलते, मेल्याची खोटी बातमी आली का आयुष वारतं."

"मंग बरा झाला ना, आये."

"बरा झाला. पन बांगऱ्या फुटल्या त्या फुटल्या. जित्त्या नवऱ्याच्या. आता डबा घेऊन जाते. मोकलं हात बघून त्यो इचारील. काय सांगू?"

"पदराखाली ठेव."

"पेज पदराखालून भरवू?"

तिनं फोन ठेवला.

वर विनीत, त्याचा साहेब, वाट बघत होता. "कुठे गेलेलास? निधनवाला मेसेज आज द्यायचाय, अजून टेस्ट नाही झालेला."

सिद्धेश खुर्चीत बसला. आधी चावी काढली. मग कुंडलिक खोडून स्वतःचं नाव घातलं, नंबरही स्वतःचा. दाबलं. पडद्यावर ओळ उमटली, 'सिद्धेश यांचे निधन झाले आहे.' बाजूला ठेवलेला फोन वाजला नाही.

म्हणजे बरोबर चाललंय. त्यानं पुढची चाचणी उघडली.