काय समजावून राहिले?

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, सकाळी साडेअकरा. ठिकाण: गोंदियाजवळचं कुडवा, माझ्या धाकट्या भावाचं घर, पुढची खोली. हजर: भाऊ, भावजय, आमची आई, मी, आणि जिच्यासाठी हे सगळं, ती माझी भाची. पाहुणे दोन: मुलगा आणि त्याची आई. मुलाच्या वडिलांना सुटी मिळाली नव्हती.

हे मी तेव्हाच वहीत लिहिलं होतं. मी शाळेच्या कार्यालयात काम करते आणि घरीही यादीशिवाय माझं पान हलत नाही. त्या दिवशीच्या यादीत पोहे होते, एकसारखे सात कप होते, आईला ऐकू येईल अशा जागी तिची खुर्ची ठेवणं होतं. चौथ्या ओळीवर लिहिलं होतं: सिकलसेलचं विचारणे. आणि पुढे, मी.

भाची दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. ती स्वतः सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, वाहक आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे. ती धडधाकट आहे, रोज गाडीने गोंदियाला जाते-येते. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आजारी लेकरं हातपाय दुखतात म्हणून कशी कळवळतात ते ती रोज बघते. म्हणून लग्नाआधी मुलाची तपासणी झालीच पाहिजे, हा तिचा हट्ट. आधीच्या स्थळाला तिने हे फोनवर सांगितलं, तर त्यांनी पुन्हा फोनच उचलला नाही. वर नातेवाइकांत बोलले, "पोरीतच खोट आहे."

तेव्हापासून भावजयीचं एकच: आधी मुलगी पसंत पडू द्या, मग सांगू. भाची म्हणाली, लपवायचं असेल तर मी बाहेर येणारच नाही. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. शेवटी ठरलं की मी मोठी आत्या, मी सहज विषय काढावा, आमचंही सांगावं, त्यांचंही विचारावं.

विषय काढायला जागा मिळेल तर ना.

मुलगा पुण्यात वाढलेला, तिथेच कंपनीत इंजिनीअर. पोह्याची बशी हातात घेतली आणि त्याने भाचीला विचारलं, "तुम्ही लॅबमध्ये असता ना? मग रक्तगट तपासत असाल." ती "हो" म्हणाली. तेवढं त्याला पुरलं.

"म्हणजे कसं असतं बघा, रक्ताचे मुख्य चार गट असतात. ए, बी, एबी आणि ओ. ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं."

"हो का," भाची म्हणाली.

मग तांबड्या पेशी झाल्या, पांढऱ्या झाल्या. प्लेटलेट कशाने वाढतात ते झालं. नमुना घेतल्यावर नळी हळुवार हलवायची असते, जोरात नाही, हेसुद्धा त्याने तिला सांगितलं. दिवसाला शंभर नळ्या हलवणारी पोरगी मान खाली घालून बशीतले शेंगदाणे एका बाजूला करत होती. मी तीनदा "बरं का, आमच्या मनात एक होतं" असं सुरू केलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "एक मिनिट हं, आत्या, एवढं पूर्ण करतो."

पलीकडे माझा भाऊ मुलाच्या आईला मोहफुलं कशी वाळवतात ते समजावत होता. बाई मूळच्या जवळच्याच सालेकशाच्या, लहानपण मोह वेचण्यात गेलेलं. त्या शांतपणे म्हणत होत्या, "असं का जी. आमाले तं मालूमच नवतं."

मला राग आला असं म्हणणार नाही. नवे सर शाळेत आले की मला हजेरीचा तक्ता कसा भरायचा ते सांगतात, आणि तो तक्ता मीच आखलेला असतो. मी "हो सर" म्हणते आणि हातातलं काम पुढे नेते. पंख्याचा आवाज जसा काही वेळाने ऐकू येईनासा होतो, तसं. पण त्या दिवशी तो आवाज बंद व्हायला हवा होता. घड्याळात साडेबारा होत आले होते, आणि विषय न काढता पाहुणे उठले असते तर भाचीने मला कधी माफ केलं नसतं.

खुर्चीतून आमची आई एकदम बोलली. "काय समजावून राहिले, बापा, इतका वेळ?"

आमच्याकडे "समजावून राहिले" म्हणजे समजावत आहात. पुण्याच्या कानाला त्यातलं फक्त "राहिले" ऐकू आलं. मुलगा अदबीने खुर्चीत पुढे सरकला. "नाही आजी, राहत नाही. संध्याकाळच्या गाडीचं रिझर्वेशन आहे."

क्षणभर कोणालाच कळलं नाही. आधी त्याच्या आईला कळलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. "अरे, राहतोस का म्हणून नाही विचारून राहिल्या त्या. एवढं काय बोलतोस, ते विचारतात." मग भाऊ हसला, भावजय हसली, आई "मी का म्हटलं?" म्हणत सगळ्यांकडे बघत राहिली. मुलाचे कान लाल झाले. आणि तो गप्प बसला.

माझं वाक्य तयार होतं, पण भाचीच आधी बोलली. "मी सिकलसेलची वाहक आहे. तुमची तपासणी झाली आहे का?"

भावजयीच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिने तसाच धरून ठेवला. मुलाने बशी खाली ठेवली. मी मनात म्हटलं, गेलं हेही स्थळ.

मग तो म्हणाला, "मला याबद्दल काहीच माहीत नाही. सांगता का?"

तिने माझ्या हातातला यादीचा कागद ओढला, उलटा केला आणि पेनाने चार चौकोन काढले. दोघं वाहक असतील तर काय, एकच असेल तर काय. एकच असेल तर मूल वाहक होऊ शकतं, आजारी नाही. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तो मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी त्याने दोन प्रश्न विचारले, दोन्ही कामाचे.

"मग माझी तपासणी कधी होईल?"

"आज रविवार. उद्या सकाळी दहाला. पण माझ्या हातून नको, आमच्या मॅडम नमुना घेतील."

त्याने आईकडे बघितलं, मग आजीकडे. "मग राहतो."

ट्रे खाली ठेवला गेला. चहा गार झाला होता. भावजयीने तो पुन्हा गरम केला आणि आत जाऊन डोळे पुसून आली.

पाहुणे त्यांच्या नातेवाइकांकडे गेल्यावर भाची मला गच्चीवर म्हणाली, "आत्या, बाईला तिचंच काम पुरुषानं शिकवायचं, याला मॅन्सप्लेनिंग म्हणतात."

"एवढ्यासाठी वेगळा शब्द?"

"मग? शब्द असला की बोट ठेवता येतं."

"तुझ्या आजीनं शब्द नसतानाच ठेवलं."

ती हसली. मग म्हणाली, निघताना त्याने तिला खरं सांगितलं होतं. त्याच्या आईने बजावलं होतं की घुम्यासारखा बसू नको, मुलीच्या कामाविषयी बोल. म्हणून तो दोन दिवस मोबाईलवर रक्ताचे व्हिडिओ बघून आला होता. "विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं ना," ती म्हणाली. "पण पाठ करून आलेलं पोट्ट्याला सोडवेना."

सोमवारी नमुना गेला. पहिली चाचणी ठीक आली, तरी पक्कं करायला तो पुढे पाठवला होता. आठ दिवसांनी संध्याकाळी भाचीचा फोन आला. "आत्या, तो वाहक नाही." मी भाजी चिरत होते. विळी बाजूला सारून जमिनीवर तशीच बसून राहिले. पाठीवरून पोतं उतरल्यावर खांदे हलके लागतात, तसे किती तरी वेळ लागत होते.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, यादी आता माझ्याकडे आहे. मुलगा फोन करतो तेव्हा आधी विचारतो, "काय करून राहिले, आत्या?" उच्चार चुकतो, पण प्रश्न विचारतो आणि उत्तरापर्यंत थांबतो.

जुनी यादी मी टाकलेली नाही. तिच्या मागे ते चार चौकोन आहेत, आणि खाली भाचीच्या अक्षरात एक ओळ: आत्याची तपासणी. भाचीला हे माझ्या भावाकडून आलं असेल तर माझ्यातही असू शकतं; मी वाहक आहे की नाही, मला माहीत नाही. माझ्या दोन्ही मुलांची लग्नं व्हायची आहेत. दवाखाना शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. तपासणी का करायची, हे मी आतापर्यंत शाळेतल्या चार बायांना समजावून सांगितलं आहे. त्या ओळीपुढे अजून खूण झालेली नाही.