फ्रान्सिस्काबायचा पांढरा रंग

रेडीत पांढरं कापड पांढरं राखणं म्हणजे खायचं काम नव्हे. बंदराकडे जाणारे खनिजाचे ट्रक दारावरून धुरळा उडवत जात आणि दोरीवरचा सदरा संध्याकाळपर्यंत लालसर होई. पण फ्रान्सिस्काबायपुढे त्या धुळीनेही हात टेकले होते. इगर्जीतल्या, म्हणजे गावच्या चर्चमधल्या, वेदीवरची कापडं आणि नवऱ्याचे, फॉस्टिनचे, रविवारचे सदरे ती स्वतः धुई, स्वतः नीळ घाली. दुसऱ्या कुणी त्या बादलीला हात लावलेला तिला खपत नसे.

२००६ साली म्हापशाला तिच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. पट्टी सुटली आणि बाय घाबरलीच. दूध निळसर, भिंती निळसर, डॉक्टरांची पिकली दाढीसुद्धा निळसर. डॉक्टर हसले. म्हणाले, डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत गेलं आणि मेंदूतल्या पेशी तो पिवळेपणा गुपचूप वजा करत राहिल्या. आता भिंग स्वच्छ आलं, पण पेशींची जुनी खोड एकदम जात नाही. दोन-तीन महिने थांबा, सगळं जागेवर येईल.

थांबणं बायच्या स्वभावात नव्हतं, तरी ती थांबली. हळूहळू दूध पांढरं झालं, भात झाला, भिंतीही झाल्या. फॉस्टिनचा सदरा मात्र निळाच. वेदीवरचं कापडही निळंच. तिने पेशींना आणखी थोडी सवलत दिली. इगर्जीचा वार्षिक सण, फेस्त, तोंडावर आला तेव्हा तिने सदरा भिंतीला लावून पाहिला. भिंत पांढरी, सदरा निळा. खोट आता डोळ्यांत नव्हती. मोतीबिंदूने निळीची छटा दिसेनाशी झाली, तशी ती चिमूट वाढवत गेली होती. सगळ्या गावासमोर, दर रविवारी.

"रे, हो सदरो निळो आसा?" तिने फॉस्टिनला विचारलं.

"आसा."

"आणि माका सांगलंस नाय?"

"तू इतक्या हौसेन धुतंस. सांगूक जीब रेटली नाय. मगे सवय झाली. आता माका तोच पांढरो."

बायला राग आला, आणि रागापेक्षा त्या माणसाची माया जास्त दाटून आली. पण हे त्याला सांगेल ती बाय कसली!

फेस्ताला तिने सगळं निळीशिवाय धुतलं. कापडं शंखासारखी निघाली. मिस्साची प्रार्थना संपल्यावर बायका कुजबुजल्या, की फ्रान्सिस्काचे डोळे बिघडले वाटतं, यंदा कापडं पिवळी पडली. बाय फणफणत घरी आली, फॉस्टिनला नव्याने पांढऱ्या झालेल्या सदऱ्यात समोर उभा केला आणि आता तरी खरं बोल म्हणून बजावलं.

"पिवळो दिसता," तो चाचरत म्हणाला.

एवढ्या वर्षांनी खरं बोलला, म्हणून बायने त्याची कॉलर नीट केली.

"थांब दोन-तीन म्हयने," ती म्हणाली. "दिसात पांढरो."