भागोजीचा चक सुटला तेव्हा

"फिरून बसलंय ते फिरवूनच सुटतं, मारून न्हाय," असं भागोजी नेहमी म्हणायचा. होडीचा अडलेला खिळा असो की नवराबायकोचं भांडण, त्याचा तोडगा हाच. आमच्या मुरुडच्या खाडीकाठी पोरंटोरंही ते वाक्य त्याच्या आवाजात म्हणत.

मुंबईच्या गिरणीत त्याचा लोखंड कातायच्या लेथवर हात बसला होता. गावी परतताना त्याने पायाने चालवायचा एक जुना लेथ गलबतातून आणला. झापांच्या शेडमध्ये तो उभा केला त्या दिवशी त्याच्या बायकोने, सगुणाने, लेथला हळदकुंकू वाहिलं. "आता मुंबई नको," एवढंच तिने मागितलं. लेथ फिरत होता तोवर भागोजी घरी होता.

सन एकोणीसशे तीसबत्तीसच्या सुमाराची गोष्ट. पावसाळ्यात तो बहिणीच्या भातलावणीला म्हसळ्याकडे गेला. खारी हवा लोखंड खाते, हे सगुणाला ठाऊक होतं. कातायची वस्तू पकडणारा लेथचा जड चक तिने फिरवून काढला, आतल्या आट्यांना होडीचं तेल चोपडलं, आणि चक पुन्हा घट्ट बसवला. मुशी माशाचं तेल ते, राळ घातलेलं. होडीला ते पाण्यापासून राखतं. आट्यांत मात्र ते पावसाळाभर सुकून चिकटत गेलं.

नारळी पुनव झाल्यावर चंदर नाखवा एक मोठं चाक कातायला घेऊन आला. चाक चकात मावेना, म्हणून मोठी तबकडी बसवण्यासाठी चक उतरवायला हवा होता. भागोजीने जोर लावला. चक हलेना.

"काय रं भागोजी," चंदर हसला, "लेथ तुजा हाय का सासऱ्याचा? तुजं आयकत न्हाय तो!"

सगुणा पुढे आली. "मी होडीचं तेल लावलं व्हतं आट्यांना, गंजू नये म्हणून. निखारं आणू का? होडीची राळ शेकूनच निघते."

"होडीचं तेल? लेथला? लई शाणी! आता तू मला शिकवणार व्हय?" भागोजी खेकसला.

चंदर पुन्हा हसला, आणि ते हसू भागोजीला लागलं. त्याने दात्यांच्या चाकात पाचर ठोकून, चक ज्यावर बसतो तो दांडा अडकवला आणि चकावर घण घातला. चक जागचा हलला नाही. दांडा ज्या ओतीव बिडाच्या बैठकीत फिरायचा, ती बैठकच कडकन तडकली.

चंदरच गावच्या लोहाराला घेऊन आला. लोहाराने तडा पाहिला आणि मान हलवली. बीड जोडून टिकत नाही, म्हणाला.

दिवेलागणीला सगुणाने कुणाला न विचारता चुलीतले निखारे आणून चकाखाली धरले. राळेचा वास सुटला. फडकं धरून भागोजीने चक फिरवला, तर तो अलगद हातात आला. तो मांडीवर घेऊन भागोजी बसून राहिला.

"तुजं आयकाया पायजे व्हतं," तो म्हणाला.

"मी बी खोबरेल लावाया पायजे व्हतं, ते सुकत न्हाय," सगुणा म्हणाली.

पावसाळा सरून आगबोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्याने वळकटी बांधली. मुंबईच्या गिरणीत त्याला जुन्या जागी घेत होते. सगुणा बंदरापर्यंत गेली नाही. शेडच्या दारात उभी राहून ती बघत होती, आणि ओढून ठेवलेल्या होडीपाशी चंदरही. वळकटी खांद्यावर घेऊन भागोजी माडांमधून खाली मान घालून चालत गेला.