आढ्याला खोचलेली केरसुणी

माझ्या आजीला घाण खपत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्यापायी मी लहानपणी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. पाहुणा जरा जास्त वेळ बसला तर त्याच्या पायाशी ती केरसुणी घेऊन उभी राहायची. आई मला जन्म देऊन गेली. तेव्हापासून आजीनं मला शेळीच्या दुधावर वाढवलं, पोटाशी घेऊन निजवलं, आणि दिवसभर माझ्यामागं केर काढला.

एकाच गोष्टीसाठी तिची केरसुणी थांबत असे. घरातलं माणूस गावाला निघालं की लगेच झाडायचं नाही, ही रीत सगळ्यांचीच. इतर बायका माणूस शिवेबाहेर गेलं की केर काढायला घेत. आजीचं तेवढ्यावर भागत नसे. वडील बाळापूरच्या बाजाराला गेले तर परत दारात दिसेपर्यंत केर जागच्या जागी. "माणूस वाटंवर असताना त्याच्या मागं झाडू न्हाई," ती म्हणायची. "परतायची वाट पुसून जाती."

मग ती धामधूम आली. आमचं गाव पैनगंगेच्या काठाला. अलीकडं मोगलाई, पलीकडं हिंदुस्थानातलं वऱ्हाड. हत्यारबंद माणसं गावात शिरू लागली, तरण्या पुरुषांना धरून नेऊ लागली, तसे पुरुष नदी उतरून पलीकडं जाऊ लागले. शिमगा झाला आणि एका पहाटे वडीलही निघाले. पोचलो की निरोप धाडतो, म्हणाले. आजीनं त्यांच्या तळहातावर दही घातलं. ते दिसेनासे झाल्यावर ती आत आली आणि तिनं केरसुणी आढ्याला खोचून ठेवली.

निरोप काही आला नाही.

आजीला बूड टेकवेना. चुलीवर भाकरी टाकायची आणि दारात जायची, दारातून परसात, परसातून पुन्हा चुलीकडं. भाकऱ्या करपायच्या. नदीच्या वाटेनं कोणी येताना दिसलं की ती पदर सावरायची, माणूस जवळ आलं की सोडून द्यायची. तिच्यामुळं मलाही चैन पडेना. मी सागरगोटे घेऊन बसायची आणि न खेळताच उठायची.

घर तर बघवत नव्हतं. जोंधळ्याचा कोंडा, कोंबड्यांची पिसं, वाऱ्यानं आलेला पाला. शेळीच्या लेंड्या आजी वाकून हातानं वेचायची; केरसुणीला हात लावत नसे. समोर मुसलमान पिंजाऱ्याचं घर होतं, तिथला कापूस उडून आमच्या अंगणात पडायचा. गावात हिंदू-मुसलमान एकमेकांना बघून दारं लावून घेऊ लागले होते, पण पिंजाऱ्याघरची मावशी यायची ती आलीच.

"माय, कवापासून हातानं वेचून राहिलीस," ती म्हणाली. "कमरेला तकलीफ हाय ना तुझ्या?"

"पोरगं वाटंवर हाय अजून."

मावशी खाली बसली आणि आपल्याच घरचा कापूस वेचू लागली.

आषाढात नदीला पूर आला. खालच्या गावाजवळ एक प्रेत लागल्याचं बाजारातून येणाऱ्यांनी सांगितलं. तोंड ओळखू येत नव्हतं, पण अंगात वडिलांसारखी बंडी होती. दुपारी माझी चुलती आली. बाई वाईट नव्हती, पण रीतीला फार धरून असायची. मेलेल्या माणसामागं घर झाडून टाकतात, पाणी मारतात, म्हणजे ते मागं रेंगाळत नाही. तिनं आढ्याची केरसुणी काढली.

"अत्याबाई, त्याला असं आडकवून ठेवू नगा," ती म्हणाली.

आजीनं तिच्या हातून केरसुणी ओढून घेतली आणि अंगाखाली घेऊन भुईवर बसली. दिवे लागले तरी उठली नाही.

मला तेव्हा आजीचा संताप आला. मला बाप हवा होता, आणि नसेल तर तो नाही एवढं तरी कुणीतरी सांगायला हवं होतं. पंचमीला सगळ्या गावातली घरं सारवून निघाली. आमच्या घरात पायांना खडे टोचत होते आणि मी कुणाशी धड बोलत नव्हते.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, हत्यारबंद माणसं पांगली. नदीपलीकडं गेलेली माणसं परतू लागली आणि एके दिवशी वडील अंगणात उभे राहिले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. निरोप दोनदा धाडला होता म्हणाले. तो आणणारे आमच्यापर्यंत पोचलेच नव्हते. मी त्यांच्या कमरेला मिठी मारून रडले. आजी मात्र जवळ आली नाही. तिनं त्यांना नीट न्याहाळलं, आत गेली, आणि केरसुणी घेऊन माजघरापासून झाडत सुटली. अंगणात आली तेव्हा वडिलांना म्हणाली, "पाय उचल." त्यांनी उचलला. तेव्हा कुठं ती रडली.

त्यानंतर आजी फार दिवस राहिली नाही. कार्तिकात थंडी पडली, तिला ताप भरला आणि उतरलाच नाही.

पुरुषमाणसं तिला नदीवर घेऊन गेली. बायका घरात राहिल्या. चुलतीनं पदर खोचला आणि कोपऱ्यातल्या केरसुणीकडं हात नेला. मी तिच्या आधी पोचले. केरसुणी ओढून घेतली, अंगाखाली घेतली आणि आजी बसली होती तिथंच बसले. चुलतीनं समजावलं, मग रागावली. मावशी दारातून बघत होती.

वडील नदीवरून आले ते ओल्या अंगानंच. चुलतीनं त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"काहून ग?" ते म्हणाले.

"आजी वाटंवर हाय अजून," मी म्हणाले.

ते चुलतीकडं वळून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, वहिनी." त्या दिवशी आमच्या घरात झाडणं झालं नाही.