मागची खोली

“ताई, आधी जेवा, मंग काय ते बोला,” असं म्हणत ते हॉटेलमालक ताट पुढं सरकवायचे. विमा विकणाऱ्या बाईला हॉटेलवाले सहसा दारातूनच वाटेला लावतात. हे मात्र ज्वारीची गरम भाकरी वाढायला लावत आणि मी पहिला घास घेईपर्यंत समोरून हलत नसत.

उमरग्याबाहेर महामार्गावर त्यांचं हॉटेल होतं. हॉटेलाचा आगीचा विमा मीच उतरवून दिला होता. पुढं त्यांनी मागच्या बाजूला परमिट रूम काढली. परवाना रीतसर होता, पण तिचं नाव ते कधी घेत नसत. “पुढं बसणार का मागं?” एवढंच गिऱ्हाइकाला विचारायचे. तुम्हीही अशी संकोची माणसं पाहिली असतील. पण बार चालवणारा आणि ‘बार’ शब्दाला लाजणारा माणूस मला तरी दुसरा भेटला नाही.

कारण त्यांची आई. वडील दारूनं गेले होते. “तुझ्या हातानं कुणाला दारू दिलीस, तर माझं तोंड बघू नको,” असं तिनं त्यांना बजावलं होतं. ती माकणीकडं गावी राहायची.

“मागच्या खोलीची नोंद करून घ्या. नाहीतर उद्या काही झालं, तर कंपनी हात वर करील,” मी दरवेळी सांगायची.

“कागद गावच्या पत्त्यावर येतात, ताई. आई नातवाकडून अक्षर न् अक्षर वाचून घेते.”

“मग माझा पत्ता घाला.”

“ते लपवल्यासारखं व्हतं,” ते म्हणायचे. “आत्ता नुसतं सांगितलेलं न्हाय.”

यावर मला हसू यायचं, त्यांनाही यायचं. आणि नोंद राहून जायची.

उन्हाळ्यात भर दुपारी मागच्या फ्रीजच्या वायरीनं पेट घेतला. माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली. हॉटेल मात्र पुढून मागून जळालं.

कंपनीचा पाहणी करणारा माणूस आला, तेव्हा मीही गेले. यांनी शेजारच्या धाब्यावरून त्याच्यासाठी ताट मागवलं होतं. तो जेवला, हात धुतले आणि वितळून गोळा झालेल्या काचेकडं बघत म्हणाला, “मालक, इथं काय होतं?”

सामानाची खोली होती, असं त्यांनी म्हटलं असतं तर? मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“बार व्हता, साहेब.”

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. कंपनीनं दावा नाकारला; ते पत्र गावी जाऊ न देता मी त्यांच्या हातात दिलं. जी खोली कळवलीच नव्हती, तिथूनच आग लागली होती. मी वरपर्यंत खेटे घातले, पण उपयोग झाला नाही. ते बायकोला घेऊन हैदराबादला गेले, कुठल्याशा कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी म्हणून. हल्ली फोन उचलत नाहीत.

मागच्या महिन्यात ट्रॅक्टरच्या विम्यासाठी त्यांच्या गावी जाणं झालं. आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. पूर्वी एकदा हॉटेलावर भेटलेली, म्हणून तिनं मला ओळखलं आणि शेजारी बसवून घेतलं. हॉटेल रस्तारुंदीत गेलं, असं लेकानं तिला सांगून ठेवलेलं.

“रस्ता झाला की पुन्हा टाकतो म्हणलाय,” ती म्हणाली. “तुमी त्या रस्त्यानंच जाता न्हवं? कवा उरकंल ओ ते काम?”

रस्ता कधीचाच झाला होता. त्याच रस्त्यानं मी आले होते.

“अजून चालू आहे,” मी म्हटलं.

“व्हय,” ती म्हणाली, आणि तिनं मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या.